धुण्याची वही

(गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त दिलेलं व्याख्यान)



गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला बोलायचं म्हटलं की विषय जवळपास ठरलेले असतात. ग्रामस्वच्छता, अंधश्रद्धा, कीर्तन, धर्मशाळा. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विषय सांगितला, ‘रोजचे कपडे किती वेळा धुवावेत’. पलीकडून जरा वेळ काही आवाजच आला नाही. मग विचारणा झाली, “म्हणजे पाणीटंचाई का?” म्हटलं, तीही येईल. पत्रिकेवर त्यांनी ‘स्वच्छता : एक चिंतन’ असं छापलं आहे. छापू दे. चिंतन मला जमत नाही, मी धुण्यावरच बोलणार आहे.

आणि बाबांच्या दिवशी धुण्यावर बोलण्यात वावगं काहीच नाही. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला डेबूजी झिंगराजी जाणोरकर हा परटाचा मुलगा. गावाचा मळ ज्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या धुवायला येत होता, त्या घरातला. या माणसाने पुढे हयातभर अंगावर काय घातलं? रंगीबेरंगी चिंध्या जोडून केलेलं वस्त्र. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडगं. लोक चिंधेबुवा म्हणायचे, गोधडेबुवा म्हणायचे. गावात शिरला की आधी खराटा घेऊन रस्ता झाडणारा हा माणूस परीटघडीच्या वाटेला गेला नाही. स्वच्छतेचा एवढा मोठा प्रचारक, पण पांढरेपणाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण आपण आज जे धुतो त्यातलं बरंचसं मळासाठी धुतच नाही. पांढरेपणासाठी धुतो, वासासाठी धुतो, आणि काल हाच सदरा होता हे कचेरीत कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून धुतो.

मला आज सांगायचं आहे ते थोडक्यात असं. कपडा मळला हे ठरवणारा आणि तो धुणारा, या दोघांमध्ये एकेकाळी हिशेब होता. कधी तो वहीत असे, कधी विहिरीवरून पाणी ओढणाऱ्या हातांना माहीत असे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत हा हिशेब सुटला. आणि मग एकदा अंगावर चढवलेला कपडा रात्री टोपलीत टाकायचाच, या सवयीला आपण स्वच्छता म्हणायला लागलो.

आधी वहीबद्दल सांगतो. सभागृहात पिकल्या केसांची मंडळी बरीच दिसताहेत, त्यांना ती आठवत असेल. गावगाड्यात परीट हा बलुतेदार. सुगीला त्याला धान्याचं बलुतं मिळायचं. बाळंतपणाचे कपडे, सुतकाचे कपडे त्याच्याकडे, आणि लग्नात पायघड्या घालायच्या त्याही त्यानेच. रोजचं धुणं मात्र ज्याचं त्याने नदीवर, विहिरीवर उरकायचं. शहरात हे बदललं. धान्याच्या जागी रोकड आली. मुंबईत धोबीतलावावरचा तलाव केव्हाच बुजला, नाव तेवढं राहिलं. महालक्ष्मीचा धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उभा राहिला, तो अजून आहे. स्टेशनलगतच्या पुलावरून खाली बघितलं की सिमेंटच्या हौदांच्या रांगा दिसतात, प्रत्येक हौदाला आपटायचा दगड, आणि वर दोऱ्यांवर हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे हिरवे कपडे, कोणाकोणाच्या जीन्स.

शहरातल्या मध्यम घरात परीट आठवड्याने नाहीतर पंधरवड्याने यायचा. ओसरीवर गाठोडं सोडायचा. घरातली बाई वही घेऊन बसायची. धोतरं चार, सदरे सहा, लुगडी तीन, चादरी दोन, टोप्या दोन. नग मोजून द्यायचे, नग मोजून घ्यायचे, आणि एखादा पंचा कमी भरला की त्यावरून अर्धा तास हुज्जत. या वहीचा परिणाम काय व्हायचा ते बघा. सदरा परटाकडे गेला की आठ दिवस गेला. शिवाय प्रत्येक नगाला पैसा. तेव्हा एखादा सदरा गाठोड्यात टाकण्याआधी त्याची कॉलर उजेडात धरून पाहिली जायची, बगलेचा वास घेतला जायचा, आणि “अजून एक दिवस जाईल” असा निकाल लागायचा. घरोघरी हे छोटंसं न्यायालय रोज भरायचं.

परटाचीही एक वही होती, पण ती कपड्यावरच असायची. बिब्ब्याच्या फळाला टोचून निघणाऱ्या रसाने तो कपड्याच्या कोपऱ्यावर किंवा कॉलरच्या आत खूण करायचा. कोणाला दोन टिंबं, कोणाला फुली, कोणाला टिंबाखाली आडवी रेघ. वर चुना लावला की खूण काळीभोर व्हायची. मग ती पाण्याने जायची नाही, सोड्याने जायची नाही, भट्टीत उकळून जायची नाही. अक्षरओळख नसलेला माणूस शेकडो सारख्या धोतरांतून तुमचं धोतर नेमकं काढून द्यायचा ते या खुणेच्या जोरावर. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर पुरळ उठायला लागलं. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कारण कॉलरमध्ये सापडलं. बिब्बा उतला होता! आपल्याकडच्या कोणत्याही आजीने बघताक्षणी सांगितलं असतं.

आता घरच्या धुण्याकडे येतो. माझी आत्या विहिरीवर धुवायची. उपसलेल्या प्रत्येक बादलीचा भार तिच्या खांद्यांना माहीत होता. तिच्याजवळ धुण्याचा ढीग आला की ती आधी वाटण्या करायची. काही कपडे नुसते पाण्यातून काढायचे, म्हणजे दोनदा खळबळायचे, पिळायचे, झटकायचे. घाम गेला, काम झालं. काहींना साबण लावायचा, तोही सगळ्या कपड्याला नाही, कॉलरला, बाह्यांच्या टोकांना, धोतराच्या काठाला. काही सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायचे. रेशमी असेल तर रिठा. आणि काही कपडे ती उचलून सरळ परत द्यायची. “हा कुठे मळलाय? खुंटीला लाव, वारा लागू दे.” हे वाक्य मी कित्येकदा ऐकलंय. ज्याने तो टाकला त्याला तिच्यासमोर आवाज नव्हता. मळला की नाही याचा शेवटचा निकाल धुणाऱ्या बाईचा, हे त्या घरात कोणी न सांगता मान्य होतं.

याच हिशेबातून आपल्याकडे काही रीती पडल्या. बाहेरचे कपडे वेगळे, घरातले वेगळे. कचेरीतून आल्यावर विजार-सदरा खुंटीला आणि अंगावर लेंगा-बनियन. मुलांच्या शाळेच्या गणवेशाचे दोन जोड असले तरी पुष्कळ. कापड घेताना दुकानात पहिला प्रश्न, “जरा मळखाऊ रंगातलं दाखवा.” मळखाऊ रंग हा गरीब-मध्यम घरांनी शोधलेला पाणी वाचवण्याचा उपाय आहे. पर्यावरण हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

पण म्हणून जुनं ते सगळं शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. सोवळ्याकडे बघा. सुती सोवळं रोज धुतलंच पाहिजे, कोणाचा हात न लागता उंच दांडीवर काठीने वाळत घातलं पाहिजे, आणि शाळेतून आलेल्या पोराचं दप्तर त्याला घासलं तर पुन्हा धुतलं पाहिजे. मळाचा प्रश्नच नाही. शिवला हा प्रश्न. तेच वस्त्र रेशमी असेल, मुकटा असेल, कद असेल, किंवा लोकरीची धाबळी असेल, तर ते रोज धुवायची गरज नाही, कारण रेशीम आणि लोकर शास्त्राने मुळातच शुद्ध ठरवलेली. त्यामुळे नुकतं धुतलेलं सुती धोतर ओवळं आणि चूल फुंकताना, पुरण वाटताना महिनोन्‌महिने घामेजलेला मुकटा सोवळा, असा प्रकार आपल्या माजघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालला. ज्यांना त्या मुकट्याच्या शेजारी पंगतीला बसावं लागलं आहे त्यांनी मनातल्या मनात मान डोलवावी.

आणि ज्याच्याजवळ खुंटीला लावायला दुसरा कपडाच नाही, त्याचं काय? 1917 साली गांधीजी चंपारणमध्ये होते. निळीच्या मळेवाल्यांच्या चौकशीबरोबर त्यांनी खेड्यांत शाळा काढल्या, आरोग्याची कामं सुरू केली. त्या कामाला शिकलेली माणसं हवी होती, आणि त्यांतली बरीच आपल्याकडून गेली. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे यजमान बबनराव गेले, बेळगावहून सोमण गेले, भारत सेवक समाजाचे डॉ. देव गेले. याच अवंतिकाबाईंनी पुढच्या वर्षी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं आणि त्याला लोकमान्यांनी प्रस्तावना दिली. चंपारणमधल्या भितिहरवा या गावात कस्तुरबा होत्या. जवळच्या एका लहान खेड्यातल्या बायकांची लुगडी फार मळलेली असायची. गांधीजींनी कस्तुरबांना सांगितलं, विचारून बघ, या धूत का नाहीत. विचारल्यावर एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेलं आणि आतलं सगळं दाखवलं. पेटी नाही, फडताळ नाही, दुसरं वस्त्र नाही. अंगावर आहे ते एवढंच, हे धुवायचं तर नेसायचं काय, महात्माजींना सांगून दुसरी साडी मिळवून द्या, मग रोज आंघोळ करून धुतलेलं नेसेन, असं ती म्हणाली. ही हकीगत गांधीजींनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. स्वच्छतेवरची शंभर भाषणं एका बाजूला आणि त्या झोपडीतली ती रिकामी जागा एका बाजूला. कपडा किती दिवसांनी धुवायचा हा प्रश्न दुसरा कपडा हाताशी आल्यावर सुरू होतो, त्याच्या आधी नाही.

दहा वर्षांनी, डिसेंबर 1927 मध्ये, महाडला बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रह परिषदेला जमलेल्या स्त्रियांशी बोलले. लुगडं नेसायच्या पद्धतीवर बोलले, दागिन्यांवर बोलले आणि कपड्यांवरही. लुगड्याला ठिगळं असली तर असू देत, पण ते स्वच्छ असावं, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. हे ते कोणाला सांगत होते हे विसरू नका. ज्या समाजाचे कपडे परीट धुवायला घेत नव्हता आणि ज्याला सार्वजनिक पाणवठ्यावर उभं राहू दिलं जात नव्हतं, त्या समाजातल्या बायकांना. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याच्या पाण्यासाठी डोकी फुटली होती. पाणी अडवायचं आणि मग मळकं म्हणून हिणवायचं, असा तो दुहेरी डाव होता. बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला आणि धुतलेलं लुगडंही मागितलं, एकाच गावात, एकाच वर्षात. गाडगेबाबा आणि बाबासाहेब यांचं एकमेकांशी जमलं ते उगाच नाही.

मघापासून मी धुण्याच्या अतिरेकाबद्दल बोलतोय असं वाटत असेल, म्हणून धुण्याच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावाही समोर ठेवतो. ट्युनिस शहरात चार्ल्स निकोल नावाचे फ्रेंच डॉक्टर होते. टायफसची साथ. टायफॉइड नव्हे, टायफस, हा आजार वेगळा. रोगी इतके येत की काही इस्पितळाच्या दारातच पडलेले असत. निकोल यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दाराबाहेर हा रोग एकाचा दुसऱ्याला होतो. दारावर रोग्यांचे कपडे उतरवून घेणाऱ्या नोकरांना होतो, ते कपडे धुणाऱ्यांना होतो. पण रोग्याला आंघोळ घालून, इस्पितळाचे कपडे चढवून खाटेवर निजवलं की शेजारच्या खाटेवरच्याला होत नाही! म्हणजे रोग वाहणारी वस्तू रोग्याच्या अंगात नाही, ती दारात उतरवलेल्या कपड्यांत आहे. ती निघाली ऊ. डोक्यातली नव्हे, कपड्यांच्या शिवणींत राहणारी. ही ऊ कपड्यात राहते, अंडी कपड्यात घालते आणि रक्त प्यायला तेवढी अंगावर येते. 1909 साली निकोल यांनी हे सिद्ध केलं, 1928 साली त्यांना नोबेल मिळालं. या उवेला कपडा बदलून उकळत्या पाण्यात टाकण्यासारखं औषध नाही. ज्याच्याजवळ बदलायला कपडा नाही त्यालाच ती धरते. भितिहरव्याजवळच्या झोपडीतला आणि ट्युनिसच्या दारातला प्रश्न एकच होता.

आता आपल्या काळाकडे येऊ. हिशेब सुटला तो कसा?

1959 साली भारतात ‘सर्फ’ आलं. तोवर वडीचा साबण, सोडा, नीळ. पावडरीने बादलीत भिजत घालायची सवय लावली. पण ती महाग होती, मोजून वापरली जायची. दहा वर्षांनी, 1969 मध्ये, अहमदाबादला करसनभाई पटेल यांनी घरच्या अंगणात पिवळी पावडर तयार करून सायकलवरून विकायला सुरुवात केली. किलोला साडेतीन रुपये, सर्फच्या किमतीच्या तुलनेत अगदी किरकोळ. पुढे ‘निर्मा’ घराघरात गेली आणि तिला तोंड द्यायला 1984 च्या सुमाराला टीव्हीवर सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी आल्या, भाजीवाल्याशी घासाघीस करत, स्वस्त आणि चांगलं यांतला फरक समजावत. मला ललिताजी आवडायच्या, कारण हिशेब करणारी ती शेवटची बाई. तिच्यानंतरच्या जाहिरातींत हिशेब नाही. पोरगं चिखलात लोळतं आणि आई हसते. खुशाल लोळ बाळा, कपडे धुवायला आम्ही आहोत. ‘आम्ही’ म्हणजे कोण, ते त्या जाहिरातीत दिसत नाही.

पांढरेपणाची गंमत तर आणखी निराळी. पांढरा कपडा जुना झाला की पिवळट दिसतो. नीळ घातली की त्यावर निळी झाक येते आणि डोळ्यांना तो पांढरा वाटतो. मळ जिथल्या तिथे. टिनोपॉलसारखी चमक आणणारी रसायनं आली, त्यांनी याच्यापुढची पायरी गाठली. ती रसायनं उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे कपडा नव्यापेक्षा पांढरा दिसतो. आज बहुतेक पावडरींत ती असतातच. शेजाऱ्याचा सदरा आपल्यापेक्षा पांढरा कसा, या काळजीवर धंद्याच्या धंदे उभे राहिले. खरं उत्तर एवढंच की शेजाऱ्याच्या सदऱ्याला रंग चढवलेला आहे.

मग यंत्र आलं. यंत्राने बायकांचे कष्ट वाचले, यात वाद नाही. धुण्याच्या दगडावर कंबर मोडून घेतलेल्या कोणाही बाईपुढे मी यंत्राविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. पण रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी 1983 साली एक पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे. अमेरिकेत यंत्र येण्याआधी बऱ्याच साध्यासुध्या घरांचं धुणंही बाहेर जायचं, धोबिणीकडे किंवा लाँड्रीत. यंत्र घरात आलं आणि ते काम परत गृहिणीच्या गळ्यात पडलं. वर कपडे बदलण्याचं प्रमाण वाढलं. एकेका धुण्याचे कष्ट कमी झाले, पण धुणीच वाढली. आपल्याकडेही तेच झालं. परटाच्या गाड्यावर आता फक्त इस्त्री उरली आहे. वही गेली, कारण यंत्राला नग मोजायची गरज नाही. टोपली भरली की बटण दाबायचं. टोपली नाही भरली तर कपाटातलं काहीतरी काढून भरायची, असंही मी पाहिलं आहे.

आणि 2019-21 मध्येही यंत्र पाचातल्या एका घरात नव्हतं, असं तेव्हाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. उरलेल्या घरांत हात आहेत. शहरात ते बरेचदा मोलकरणीचे असतात. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला, संघटना उभी केली, ती गोष्ट या शहरांच्या इतिहासात नीट लिहिली गेली पाहिजे. धुण्याचे दर बऱ्याच घरांत माणशी ठरतात. चार माणसं, अमुक रुपये. त्या चार माणसांनी दिवसाला आठ कपडे टाकले काय आणि वीस टाकले काय, पैसे तेवढेच. सकाळी व्यायामाचा टी-शर्ट, मग कचेरीचा, संध्याकाळचा, रात्रीचा. वाढलेला प्रत्येक कपडा ती बाई फुकट धुते. परटाच्या वहीत हे खपलं नसतं. आणि मोलकरीण नसेल तर घरातली बाई आहेच. 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, पुरुष 97. तेही जे पुरुष असं काम करतात ते. असे पुरुष होते शंभरात 26, स्त्रिया 81. या मिनिटांतली धुण्याची किती ते मी वेगळं काढत नाही, पण टोपलीत कपडा फेकायला किती लागतात ते आपल्याला माहीत आहे.

पाणीटंचाईचं वचन दिलं होतं. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी हवं असं नियोजनाचं माप आहे. त्यातलं आंघोळीला 55 आणि कपडे धुवायला 20. चौघांच्या घराला धुण्याचं पाणी झालं 80 लिटर. वरून झाकण असलेलं स्वयंचलित यंत्र एका फेरीतच शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी घेतं, समोरून दार असलेलं साधारण त्याच्या निम्मं. म्हणजे रोज एक फेरी केली तरी माप ओलांडायची शक्यता आहे. खेड्यांसाठी जलजीवन मिशनने जे माप धरलं ते माणशी 55 लिटर. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणी, भांडी, सगळं मिळून. शहरी माणूस तेवढ्यात नुसती आंघोळ करतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात लातुरात रोजचा कपडा रोज धुण्याला कोणी स्वच्छता म्हटलं नसतं.

मग करायचं काय? इथे काही लोक लगेच परदेशातले दाखले देतात. 2014 साली लिव्हाइस कंपनीचे प्रमुख चिप बर्ग यांनी जाहीर सांगितलं की अंगावरची जीन्स मी वर्षभर धुतलेली नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने एकच जीन्स न धुता 15 महिने घातली आणि मग प्राध्यापिकेने त्यातले जिवाणू मोजले. धुतल्यानंतर दोन आठवडे वापरलेल्या जीन्समध्येही साधारण तेवढेच निघाले. गमतीदार आहे. पण हे अल्बर्टात. जून महिन्यात ठाण्याहून सव्वाआठच्या लोकलने तीच जीन्स घालून कोणी यावं आणि मग बोलावं. घाम, दमट हवा, धूळ, पाऊस यांचा हिशेब जिथला तिथे करावा लागतो. कोकणात श्रावणात कपडा वाळतच नाही, तिथे रोज धुण्यापेक्षा वाळवण्याची चिंता मोठी. तान्ह्याची दुपटी शेगडीवर टोपलं पालथं घालून शेकून वाळवावी लागतात.

दाखला घ्यायचाच तर बेल्जियममधला घ्या. गेंट विद्यापीठाने 2014 मध्ये 26 जणांना टी-शर्ट घालून तासभर व्यायामाची सायकल चालवायला लावली आणि नंतर त्या शर्टांचे वास घेतले. पॉलिस्टरचे शर्ट सुतीपेक्षा स्पष्ट जास्त वास मारत होते, कारण वास निर्माण करणारे काही जिवाणू पॉलिस्टरवर चांगले पोसतात. आपण सुती सोडून पॉलिस्टरकडे गेलो ते लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही म्हणून. आणि त्या वासामुळे तेच जास्त वेळा धुवायला लागलो. शिवाय प्रत्येक धुण्याला त्याचे सूक्ष्म धागे पाण्याबरोबर गटारात आणि तिथून नदीत जातात. घामट हवेत राहणाऱ्यांनी सुती घालावं, हे आजोबा सांगत होते तेच निघालं.

माझं मत विचाराल तर सांगतो, हे वैद्यकीय मत नाही, घरगुती आहे. बनियन, चड्डी, मोजे, स्वयंपाकघरातलं फडकं, हे रोज. घामाने भिजलेला सदरा रोज, पण त्याला नुसतं पाण्यातून काढलं तरी चालतं. जीन्स, स्वेटर, एसीत बसून दोन तास घातलेला कुर्ता, लग्नात मिरवलेली साडी, हे खुंटीला, वाऱ्याला, उन्हाला. आणि घरात कोणाला गजकर्ण झालं असेल तर मग काटकसर नको. हा आजार गेली काही वर्षं औषधाला दाद देईनासा झाला आहे. ज्या बुरशीमुळे हे होतं तिच्या एका जातीच्या नावातच 2020 पासून भारत आहे. अशा रोग्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात, रोज, आणि उन्हात उलटे करून वाळवावेत, इस्त्री करावी, असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. त्यात काही उधळपट्टी नाही.

आणि एक कपडा राहिलाच. पाळीच्या वेळी घडी घालून वापरतात ते सुती कापड अजून अनेक घरांत चालतं. वापरायला ते वाईट नाही. ते चांगलं धुवावं आणि कडक उन्हात खडखडीत वाळवावं एवढीच अट. आणि नेमकं तेच उन्हात वाळत नाही. ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात, साडीखाली, परकराखाली, ओलसर दांडीवर वाळतं, कोणाला दिसू नये म्हणून. घरातला एसीत बसलेला सदरा रोज धुऊन गच्चीत ऐटीत फडकतो, आणि ज्याला उन्हाची सगळ्यांत जास्त गरज, ते अंधारात कुजतं. पुरुषांच्या सभेत हे बोलायचं नसतं म्हणतात. पण समोर निम्म्या बायका आहेत, आणि पुरुषांनाही आपल्या घरातली दांडी कुठे आहे ते माहीत असावं.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं, म्हणजे थांबायला हवं. प्रश्न असतील तर अवश्य विचारा. फक्त कुठली पावडर चांगली ते विचारू नका.